आर्नेचे कागद

चर्चपाशी जीप थांबलीय आणि आत एक सरकारी बाई आहे, असं सांगत शेजारचा आल्स्टन आला, तेव्हा व्हर्लीन आलं ठेचत होती. तिचा हात थांबला.

"फाइल आहे का हातात?"

"चांगली जाडजूड. नॉर्वेवाला कुठे राहतो, विचारत्येय."

व्हर्लीनने ओसरीकडे पाहिलं. आर्ने खुर्चीत समुद्राकडे तोंड करून बसला होता.

सत्तावीस वर्षांपूर्वी मालवाहू बोटीवरचा मेकॅनिक म्हणून तो या गावात, काऊइताला, उतरला होता. व्हर्लीनच्या आईच्या खानावळीत त्याने बिअर मागितली. ती संपली होती, म्हणून म्हातारीने त्याच्यापुढे बेडकाचं पाणी ठेवलं. त्यात असतं गूळ, आलं आणि लिंबू, पण नाव ऐकून त्याने आधी ग्लासात बेडूक शोधला. बोट गेली, तो राहिला. गावातल्या झाडून सगळ्या होड्यांची इंजिनं त्याच्या हाताखालून गेली. बेडकाची गोष्ट तो रोज नव्याने सांगायचा. दोन वर्षांपूर्वी ती मध्येच तुटायला लागली. मग त्याला खानावळीमागची स्वतःची खोलीही सापडेना.

अशातच सरकारी पत्र आलं. कागद नसलेल्या परदेशी माणसांना देशाबाहेर पाठवण्यात येईल. व्हर्लीनने गाद्या उसवल्या, हत्यारांच्या पेट्या उपसल्या. आर्नेला विचारलं, तर तो म्हणायचा, कागद कप्तानाकडे असतात. शेवटी ती बसने लिमोनच्या सरकारी कचेरीत गेली. देशाच्या नागरिकाने हमी दिली तर विचार होऊ शकतो, असं तिथे कळलं. या माणसाची जबाबदारी माझी, अशा अर्जावर तिने सही केली. एक रकाना तिला समजला नाही, तो रिकामा सोडला.

तेव्हापासून आल्स्टन रोज सकाळी आर्नेकडून तीन उत्तरं घोकून घेत होता. नाव काय, कधी आलास, कोणाकडे राहतोस.

सोलानो आडनावाची ती अधिकारी तरुण होती, उन्हाने लाल झाली होती. व्हर्लीनने तिला ग्लास भरून दिला. तिने तो एका दमात संपवला आणि आर्नेसमोर स्टूल ओढलं. इथे कधी आलात, असं तिने त्याला हळूच विचारलं.

"काल," आर्ने म्हणाला. "संध्याकाळी आमची बोट सुटणार."

आल्स्टनने मान खाली घातली.

सोलानोने काहीतरी लिहून घेतलं. व्हर्लीन मध्येच बोलायला लागली. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिने सांगितलं. त्याला भरवावं लागतं, बूट घालून द्यावे लागतात. माझा आवाज ऐकला नाही तर तो घाबरतो.

"बाई, त्याला तिकडे पाठवलंत तर ओळखणारं कोण आहे त्याला? माणूस असा उचलून कुठेही ठेवता येतो का?"

सोलानो तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने व्हर्लीनला पूर्ण नाव विचारलं. व्हर्लीन आगाथा बार्नबी. तिने ते पुन्हा एकदा विचारलं.

"यांचे कागद आमच्या जुन्या दप्तरात सापडले," ती म्हणाली. "वीस वर्षांपूर्वीच यांना कायमची परवानगी मिळालीय. यांना कोणी हात लावणार नाही."

व्हर्लीन मटकन बाकावर बसली. आल्स्टनने आर्नेच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस का रे गोऱ्या? आमच्या बोकांडी बसलास तू कायमचा." आर्नेही हसला, सगळे हसतात म्हणून.

सोलानो मात्र उठली नाही. तिने फाइलमधून आणखी एक कागद काढला.

"तुमचा जन्म कुठला, मिस बार्नबी?"

"इथलाच. याच घरातला."

"नोंद केली होती कोणी?"

"आमची नोंद तेव्हा कोण करायचं?" व्हर्लीन म्हणाली. "आई जमैकाहून आलेली. केळीच्या मळ्यात राबायची."

"हमी देणाऱ्याचं नाव आम्ही तपासतो. तुमचा नागरिक क्रमांकाचा रकाना रिकामा होता. देशाच्या कुठल्याच वहीत तुम्ही नाही. जमैकालाही विचारलं, त्यांच्याकडेही नाही." सोलानोने कागद बाकावर, तिच्याजवळ ठेवला. तिला वर बघवत नव्हतं. "देश सोडायला तीस दिवसांची मुदत आहे. तुम्हाला कुठे पाठवायचं, ते अजून ठरलेलं नाही."