चिंध्या आधी, कपडे नंतर

"गणितावर कसली मालकी रे दादा?" धाकटीने माइक जवळ ओढला. "उद्या बेरजेचंही पेटंट काढशील!"

वाचनालयाचा हॉल खो खो हसला. दादाचे कान लाल झाले. सॉफ्टवेअरला पेटंट मिळावं की नाही, यावर जाहीर वाद, आणि समोर सख्खी बहीण. त्यात याने चांगल्या नोकरीवर लाथ मारून एकच प्रोग्राम लिहिलेला. कपड्याचे तुकडे कापडावर असे मांडायचे, की वाया कमी जाईल. पेटंटचा अर्ज उद्या जाणार होता. ते मिळालं तरच एक कपड्यांचा कारखानेवाला प्रोग्राम घेणार होता. नाही तर दादा घरी.

"आकडेमोड नाहीये ती. डोकं लागतं," दादा म्हणाला.

"मग सांग ना! नवीन काय आहे त्यात? मला खरंच कळत नाहीये."

खरंच कळत नव्हतं तिला. लहानपणी घड्याळ उघडून बसायची, तसे डोळे झाले होते.

दादाने खडू उचलला. "सगळे काय करतात? मोठे तुकडे आधी बसवतात. मग चिंध्या पडतात जिकडेतिकडे."

"आणि तू?"

"मी आधी चिंध्या बसवतो."

एक आजोबा खुर्ची उचलूनच पुढे आले.

"म्हणजे वाया काय घालवायचं ते आधी ठरवायचं?" धाकटी टेबलावर वाकली.

"हां! कडेला सलग पट्टी सोडायची, ती पुढे कामी येते. तिला धक्का न लावता बाह्या, कॉलर, खिसे."

"आणि बाही बसलीच नाही तर?"

दादाने तेही सांगितलं. मग त्याच्या पुढचंही. फळा गच्च भरला. लोक फोन काढून फोटो घ्यायला लागले.

"आता बोल. बेरीज आहे ही?"

धाकटीने माइक खाली ठेवला. "नाही रे. हरले मी. याला पेटंट मिळायलाच हवं."

टाळ्या थांबेनात. तेवढ्यात दादाची वकीलबाई हेल्मेट हातात घेऊन आत शिरली आणि फळा बघून जागीच थबकली.

"कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं ना मी?"

"अहो, इथं कुठले कारखानेवाले? आपलीच माणसं आहेत सगळी. आणि जिंकलो मी!"

वकीलबाईने हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"अर्जाआधी चारचौघांत सांगितलेलं नवीन धरत नाहीत, राजा. उद्या मी अर्ज कशाचा करू?"