चारशे ओळी

नव्या कंपायलरवर ऑपरेटिंग सिस्टिम निदान दहा टक्के जलद धावेल, असं सगळे धरून चालले होते. ऋजुताच्या अहवालात आकडा होता दोन.

चंद्रमौळी सरांनी कागद जवळ ओढला. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते आणि ही त्यांची बहुधा शेवटची सही.

"दोनच?"

"हो सर," म्हणत ऋजुता खिडकीबाहेर वेलचेरीची रिकामी लोकल बघू लागली. खोटं बोलायची तिला बिलकुल सवय नव्हती.

कंपायलरचं काम आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवायचं. १९८८ साली हा गडी भलताच मठ्ठ होता. म्हणून चंद्रमौळी आणि सुब्बा या मराठी घरांतल्या दोन तंजावरी पोरांनी तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या स्वस्त लॉजमध्ये, पंखा नसलेल्या खोलीत बसून, टेलिफोन एक्स्चेंजच्या या सिस्टिमच्या सगळ्यांत नाजूक चारशे ओळी थेट यंत्राच्या भाषेत हाताने लिहिल्या होत्या. पुढे सुब्बा तंजावरला मास्तर होऊन गेला. ओळी राहिल्या. त्यांत बदल करायची कंपायलरलाही मुभा नव्हती.

"माझ्या ओळी काढून पाहिल्यास ना?"

ऋजुताने खिडकीवरून नजर काढली.

"सांग अम्मा. किती?"

"अकरा," ती म्हणाली. "तेवढाच भाग मी साध्या सी भाषेत लिहिला आणि बाकी कंपायलरवर सोडलं. जुन्या ओळी ठेवल्या तर दोन, काढल्या तर अकरा टक्के, सर. तीनदा मोजलं."

त्यांनी मान हलवली. "मग लपवलेंस कशाला?"

तिने पडद्यावर ती फाइल उघडली. ओळींच्या मधे मधे इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, शेरे होते. ऑफिसातल्या तमिळ मंडळींना ते कसलेसे सांकेतिक शब्द वाटत. आठ महिन्यांपूर्वी ऋजुता सांगलीहून आली, तेव्हा तीन आठवडे तिच्या कानावर मराठीचा एक शब्द पडला नव्हता. मग ही फाइल उघडली आणि ती भर ऑफिसात एकटीच हसत सुटली. चंद्रमौळी सर घरी मराठी बोलतात, हे तिला तेव्हाच कळलं.

तिने मोठ्याने वाचलं, "सुब्बा, इथें हात लावूं नको. जेवून येतों." त्याच्या खाली दुसऱ्याचा शेरा, "तूं जेवलास. मी हात लावला. आतां धावतें."

चंद्रमौळी हसले. मग फार वाईट वाटलं त्यांना. तीन दिवस, फक्त तीन दिवस त्या ओळी आणखी राहिल्या असत्या, तर त्यांच्या डोळ्यांदेखत तरी गेल्या नसत्या.

"सर, हे सोमवारी करू. तुम्ही गेल्यावर."

"नक्को. अकराचे दोन लिहून मी सही करूं?" त्यांनी आकडा खोडून वर नवा लिहिला आणि सही केली. "काढ. पण एक मिनिट थांब."

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पलीकडून शाळेतल्या पोरांचा कालवा ऐकू आला आणि मग सुब्बाचा आवाज, मास्तरी, चढा.

"काय रे मौळी, या वेळेला? बरा आहेस ना?"

"बरा आहें. सुब्बा, आपल्या त्या चारशे ओळी... आज काढतों आहें. नव्या कंपायलरला आपल्यापेक्षां चांगलें लिहितां येतें."

"कुठल्या ओळी?"

"मॅन्शनांत लिहिलेल्या. एक्स्चेंजच्या."

सुब्बाने वर्गाचं दार ओढून घेतलं असावं, कारण कालवा एकदम थांबला.

"अय्यो मौळी," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या आजपर्यंत चालत होत्या?"