ओढ्याकाठचे ठसे

"तू फक्त जसंच्या तसं कर. डोकं चालवू नको," असं बजावून आदेशनं पेनड्राइव्ह घरातल्या कॉम्प्युटरजवळ ठेवला आणि गाडीला किक मारली.

अश्विनी चिडली. आळेफाट्याच्या बॅनरच्या दुकानात कॉम्प्युटर चालवते ती, आणि अक्कल शिकवणार हा! पण नवरा पडला सरळमार्गी, त्याला काय बोलणार? बिबट्याचे ठसे जिथं दिसतील तिथं उभं राहून मोबाईलमध्ये जागा नोंदवायचं काम त्याला वनखात्याकडून मिळालं होतं. त्या नोंदींचा तिनं एसव्हीजी नकाशा करायचा, म्हणजे भिंतीएवढा मोठा केला तरी रेघा फाटत नाहीत. तो बघून वनखात्याचे साहेब पुण्यात बसून ठरवणार, सौर दिवे कुठल्या वस्तीला द्यायचे ते. दिवे एकाच वस्तीपुरते आले होते.

वस्त्या दोन. ओढ्याच्या वरच्या अंगाला, उत्तरेला गोजरबाईची, खालच्या अंगाला अश्विनीची. दोन्हीकडं उसाचं रान. ठसे होते ते गोजरबाईच्या अंगणात, हे अश्विनीला ठाऊक होतं. पण तिची समृद्धी जेमतेम चार वर्षांची, घरात म्हणून ठरत नव्हती. आज तिकडं आलेला बिबट्या उद्या ओढा ओलांडणार नाही कशावरून?

असल्या नकाशाची एक खोड असते. कॉम्प्युटर वरून खाली मोजतो, त्यामुळं चित्र उलटं पडतं, उत्तर दिशा खाली जाते. ते सुलट करायला आकड्याआधी उण्याचं चिन्ह घालावं लागतं, घरांना वेगळं, ठशांना वेगळं. अश्विनीनं ओढा शून्यावर धरला, घरांना चिन्ह घातलं. ठशांपाशी हात थांबला. इथं चिन्ह नाही घातलं, की वरचं खाली, खालचं वर; सगळे ठसे ओढ्याच्या अलीकडं, आपल्या दारात. कुणी विचारलंच तर म्हणायचं, चुकून राहिलं. फक्त आदेशला कळता कामा नये. त्याला असलं खोटं खपायचं नाही, घर डोक्यावर घेईल.

तिनं चिन्ह घातलं नाही.

"आलं का गं आमचं घर नकाशात?"

दारात गोजरबाई, कडेवर नातू शौर्य. अश्विनी दचकली. फाईल उघडून बघायची राहिली, ती तिनं तशीच साहेबांना पाठवून दिली आणि स्क्रीन बंद केला.

"आलं की, आजी."

"लई उपकार झालं बाई. ह्या पोराच्या काळजीनं डोळ्याला डोळा नाय बघ."

अश्विनीला तिच्याकडं बघवेना.

दिवे आले आणि लागले ते गोजरबाईच्या वस्तीवर. साहेब स्वतः येऊन बघून गेले असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. आदेश तर दोन दिवस दिवेलागणीला ओढ्याकाठी जाऊन पलीकडच्या उजेडाकडं बघत बसला.

"सांजच्याला समृद्धीला आमच्याकडं धाडत जा," गोजरबाई म्हणाली. "आता उजेड हाय."

कुठल्या तोंडानं धाडणार? अश्विनीनं पोरीला धाडलं नाही.

उजेडाला बुजलेला बिबट्या ओढा उतरून अलीकडं आला. दिवेलागणीची वेळ, समृद्धी अंगणात बाहुलीला न्हाऊ घालत होती. अश्विनी टॉवेल आणायला आत गेली, तेवढंच. गावानं ऊस पिंजून काढला तेव्हा पोर सापडली, पण जिवंत नाही.

माती देऊन आल्यावर आदेश भिंतीला टेकून बसला. माणसं पांगल्यावर हळूच म्हणाला, "अश्विनी, मी तर गोजरबाईच्या अंगणातला एकूण एक ठसा आपल्याच अंगणात उभं राहून नोंदवला व्हता... तू जसंच्या तसं केलं व्हतंस ना?"