निळीची तालीम

“यहयाला वर्गात कोणी बोलावलं होतं, मॅडम?”

शैलेंद्रने आवाज खाली ठेवून विचारलं. तो सफाई कंपनीचा सुपरवायझर, मूळचा सावंतवाडीचा. दुबईतल्या अल नहदाच्या त्या शाळेत शिकवणाऱ्या स्मिताशी मराठीत बोलणारा एकटाच. दोघं प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर उभे होते. चार पावलांवर त्याच्या हाताखालचा सफाई कामगार यहया, मॉप भिंतीला टेकवून, हात पुढे बांधून.

शैलेंद्रने मोबाइल पुढे केला. आठवीतल्या एका मुलाच्या आईने फोटो काढून प्रिन्सिपलना मेल केला होता. फोटोत यहयाने डीन नावाच्या मुलाच्या हातातली छडी वरच्या वर पकडली होती. डीन पाठमोरा होता, त्यामुळे तो हसतोय हे दिसत नव्हतं.

“तुम्ही बोलावलं असेल तर तशा दोन ओळी लिहून द्या. मग विषय खलास.”

तीन आठवड्यांपूर्वी स्मिता ॲन्युअल डेचं नाटक बसवत होती. बंगालातल्या शेतकऱ्यांनी निळीच्या सक्तीविरुद्ध केलेलं बंड. इतिहासाच्या पुस्तकात त्यावर चौकटीतला एक परिच्छेद होता, तेवढ्यावरच तिने नाटक लिहिलं होतं. शेतकरी झालेली मुलं हात जोडून डीनसमोर, म्हणजे गोऱ्या साहेबासमोर, न्याय मागत होती. कॉरिडॉर पुसणारा यहया दारात थांबला.

“मॅडम, हाथ नहीं जोड़ा था,” तो म्हणाला. “हमारे गाँव का बात है.”

त्याचं गाव बांगलादेशातल्या कुष्टियाकडचं. गोरे साहेब धानाच्या जमिनीत नीळ पेरायला लावायचे, तेव्हा त्याच्या आजोबांच्या आजोबांनी बियाणं हातात घ्यायला नकार दिला. साहेबाने त्यांना निळीच्या गोदामात अकरा दिवस कोंडलं. मग गाव उठलं. कोणाकडे गोफण, कोणाकडे विटा, बायकांकडे पितळी थाळ्या आणि भाजलेली मडकी. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी कच्ची बेलफळं उचलली. साहेबाचे लाठीवाले पळाले. त्या वर्षी गावात धानच पिकलं.

“अंदर आइए,” स्मिताच म्हणाली होती. “बच्चों को दिखाइए.”

मग यहया रोज आपल्या जेवणाच्या सुट्टीत यायला लागला. थाळी आडवी कशी भिरकवायची, पाठीवर येणारी छडी हवेतच कशी धरायची, सगळं करून दाखवायचा. “वन मोअर टाइम, अंकल!” मुलं ओरडायची. एरवी पाठ केलेलं तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी सान्वी “नील नहीं बोएँगे” म्हणताना खरोखर चिडायला लागली.

परवानगीशिवाय सफाईच्या माणसाला मुलांमध्ये आणायचं नाही, हा शाळेचा नियम स्मिताला तेव्हाही माहीत होता. तिच्या प्रोबेशनचा हा शेवटचा महिना. वासुदेवची, तिच्या नवऱ्याची, नोकरी रमजानच्या आधीच गेली होती. त्याचा आणि लेकाचा व्हिसा आता तिच्या नोकरीवर होता.

“नाही,” ती म्हणाली. “मी नाही बोलावलं. तो आपणहून आला.”

यहयाला मराठी येत नव्हतं. पण ‘नाही’ कळायला मराठी यावं लागत नाही. त्याने स्मिताकडे पाहिलं. ती फोटोकडे पाहत राहिली.

“क्यों रे, खुद गया था?” शैलेंद्रने त्याला विचारलं.

“जी सर,” यहया म्हणाला. “खुद गया.”

दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यावर झाली.

नाटकाच्या दिवशी मुलांनी सभागृह डोक्यावर घेतलं. प्रिन्सिपलनी स्टेजवर स्मिताच्या ‘रिसर्च’चं कौतुक केलं. ती मान लववून हसली. त्या हसण्याचा फोटो शाळेच्या पेजवर लागला. घरी तिने तो कोणाला दाखवला नाही.

पुढच्या रविवारी ती शैलेंद्रकडून पत्ता घेऊन गेली. काय बोलायचं ते टॅक्सीत तीनदा मनात घोळवलं. कामगारांच्या इमारतीच्या गेटबाहेर छोटा कॅफेटेरिया होता. यहया तिथे खोलीतल्या चौघांबरोबर चहा पीत बसला होता. तिला पाहताच तो ताडकन उठला.

“मॅडम! नाटक कैसा हुआ?”

“अच्छा हुआ. यहया भाई, उस दिन मैंने…”

“सान्वी ने जोर से बोला?”

“बहुत जोर से.”

यहयाचा चेहरा फुलला. “एक कडक और,” त्याने काउंटरकडे ओरडून सांगितलं. स्मिताने पुन्हा तोंड उघडलं, “मैं ये बोलने आई थी कि…” पण तो सोबत्यांकडे वळला होता. बंगालीत भराभर काहीतरी बोलला, आणि मग तिलाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाला,

“मैं बोलता था ना? यही मॅडम. इन्होंने ही मुझे क्लास में बुलाया था.”

चौघेही उभे राहिले. त्यांतल्या एकाने गळ्यातल्या गमछ्याने आपली खुर्ची पुसली आणि तिच्यापुढे सरकवली.

स्मिता उभीच राहिली.