ओल्शिनाचा कौल

"हात वर म्हणजे डोक्याच्या वर! कान खाजवल्यासारखा नाही!" लुद्विक ओशिन्स्कीनं आईच्या अंगणात जमलेल्या गावाला पुन्हा बजावलं.

"हात वर करायला वॉर्साचा वकील कशाला लागतो रे?" सरपंच माचेय म्हणाला.

"वकील काय म्हणतोस? मंत्री म्हण, मंत्री!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

लुद्विकही हसला. याच अंगणातून अनवाणी निघालेला पोरगा झारच्या कोर्टांत वकिली करत वर आला. पोलंड स्वतंत्र झाल्यावर खासदार झाला, मंत्री झाला, आणि आता देशाच्या वतीनं सरहद्दीच्या वाटाघाटींना बसत होता. केवढाले खटले लढला, पण काळीज असं कधी धडधडलं नव्हतं. आज त्याचं स्वतःचं ओल्शिना पणाला लागलं होतं: सरहद्द आखणारा आंतरराष्ट्रीय आयोग गावकऱ्यांचा कौल घेऊन गाव कुणाचं ते ठरवणार होता. गाव लिथुआनियात गेलं, तर आईला भेटायलाही परक्या सरकारची परवानगी लागणार. आणि म्हातारी काही गाव सोडत नव्हती. वॉर्साला चल म्हणून सांगून सांगून तो थकला होता.

लिथुआनियाचा माणूस उद्या येणार, अशी पक्की खबर होती. म्हणजे आपण आधी पोचलो! लुद्विकला नाचावंसं वाटत होतं.

आई केकचं ताट घेऊन बाहेर आली. विस्तवावर फिरवत फिरवत, थरावर थर चढवून भाजलेला तिचा खास केक.

"हे काय आई, अर्धाच?"

"काल पाहुणे आले होते. उपाशी होते बिचारे. नाही कसं म्हणू?"

"तू जन्मात कुणाला नाही म्हणालीयस का?" त्यानं तिच्या गालाचा मुका घेतला.

"चल, चावट! मंत्री झालास तरी अक्कल आली नाही."

तेवढ्यात धुरळा उडवत मोटार आली. आयोगाचा स्वीडिश साहेब लिंडक्विस्ट दुभाष्याबरोबर उतरला. आईनं ताट पुढं केलं, तसा तो पोटावर हात ठेवून हसला आणि तरीही एक तुकडा उचललाच.

दुभाष्यानं विचारलं, "ओल्शिना पोलंडमध्ये राहावं असं कुणाकुणाला वाटतं?"

सगळ्यांच्या आधी आईचा हात वर गेला, ताठ. मग सरपंचाचा. मग सगळं अंगण हातांनी भरून गेलं. एकही हात खाली नाही! लुद्विकनं आईकडे पाहिलं. जिंकलो, आई, जिंकलो!

तो लिंडक्विस्टकडे धावला आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "पाहिलंत ना, साहेब? आता लिहून टाका! याहून स्पष्ट कौल कुठं मिळणार?"

लिंडक्विस्टनं तोंडातला घास गिळला. त्याला बोलायचं जिवावर आलेलं दिसत होतं.

"काल लिथुआनियाचे साहेब अगदी हेच म्हणाले, याच अंगणात," तो हळूच म्हणाला. "त्यांच्यासाठीही सगळं गाव हात वर करून उभं होतं. आणि कालही सगळ्यात पहिला हात या आजीबाईंचाच होता."