अपुरी मेमरी

"संगणक जुना असून मेमरी अपुरी आहे, डिस्कची तपासणी मध्येच थांबते, सबब जातीच्या दाखल्याची नोंद मिळू शकत नाही," असे मंडल कचेरीने सुनयनाला लेखी कळवले. बासरच्या कॉलेजात प्रवेश घेण्याची मुदत उद्या संपत होती.

उत्तर सुबक होते, फक्त खरे नव्हते. हाच संगणक दसऱ्यापर्यंत हीच तपासणी विनातक्रार पुरी करत होता. यंत्राला एका दिवसात म्हातारपण येत नाही. सुनयना थेट कचेरीत गेली आणि संगणकापाशी बसली.

"हात नको लावू पोरी, सरकारी हाय," कारकून उद्धवराव म्हणाले.

"माहा दाखलाबी सरकारीच हाय, काका," म्हणत तिने संगणकाचा डबा उघडला. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर हळदकुंकवाचा चिकट थर वाळला होता. संगणक ती पट्टी मोजतच नव्हता. तिने खोडरबराने पट्टी घासली, खाच पुसली. तपासणी पुरी झाली, नोंद उघडली.

"हे काऊन सांगतलं नाई, काका?"

उद्धवरावांनी मान खाली घातली. "दसऱ्याच्या पूजेले नारळ याच्यावरच फोडला होता. पानी आत जाताना मले दिसलं. पन देवाचं पानी पुसलं तं पाप लागते. संगनक जुना हाय म्हनून लिवलं तं लागत नाई."