छोटं विमान

शेजारचे राधेश्याम शेठजी अन् त्यांची बायको लाडबाई चहाला आले. शेठजी खुर्चीत नीट टेकलेही नव्हते, तोच त्यांनी विमान आकाशात नेलं.

"भाभी, जयपूरचं आमचं विमान नुकतंच उडाल्तं. कमरेचा पट्टा बी सोडला न्हवता, अन् समोरून एक टिनपाट छोटं विमान! बिलकुल असं गेलं," म्हणत त्यांनी सत्यशीलाबाईंच्या नाकासमोरून सूंकन हात फिरवला. "सगळे किंचाळले. मी तर मनातल्या मनात दुकानाच्या किल्ल्या पोराला देऊन मोकळा झाल्तो."

सत्यशीलाबाईंनी चहा शेठजींपुढं ठेवला. त्यांनी चोरून लेकीकडं पाहिलं. सुमेधा भिंतीकडं बघत बसली होती. पायलट व्हायला गेलेली पोर आठवडा झाला घरी येऊन, पण धड जेवत नव्हती की झोपत नव्हती. का, ते फक्त आईला ठाऊक. सरावाला एकटीच उडाली होती, सांगितल्यापेक्षा वर गेली, अन् समोर जयपूरचं विमान! वाचले सगळे. तिची चौकशी झाली, महिनाभर उडणं बंद झालं. "महिन्यानं बी न्हाई जाणार, आई," एवढंच ती म्हणाली होती. त्या विमानात आपल्याच गल्लीतली माणसं होती, हे मात्र मायलेकींना आत्ता कळत होतं. काय दैव म्हणावं!

"शेठजी, आधी चहा घ्या. गार होऊन राह्यला," सत्यशीलाबाई मध्ये पडल्या.

शेठजी कुठले थांबतात! "कोण्या बड्या बापाचं पोट्टं असंल. असल्याला जन्मात विमानाला हात लावू देऊ नये. आपली सुमेधा असती, तर असं झालं असतं का? बोल बेटा!"

 गप राहा गं माय, गप राहा, सत्यशीलाबाई मनात म्हणत होत्या.

"मीच होते, काका," सुमेधा म्हणाली. "चूक माझीच. आता न्हाई उडणार मी."

शेठजींनी ओठांजवळ नेलेली बशी तशीच खाली ठेवली.  सत्यशीलाबाईंना वाटलं, संपलं. आता ही माणसं उठून जातील, अन् पोर काही पुन्हा उभी राहत नाही.

 लाडबाई उठल्या आणि सुमेधाला खेटून बसल्या.

"तू होतीस व्हय? मी खिडकीतच होते की! पहिल्यांदाच बसल्ते विमानात. मला वाटलं, कुणी सोडायला आलं वाटतं वरपर्यंत. मी हात हलवला. तू न्हाई हलवला."

"काकी, मी विमान वळवून राह्यल्ते... दोन्ही हातांनी..."  सुमेधाचं आठवडाभर दाबून ठेवलेलं रडू भडभडून बाहेर पडलं.

लाडबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले. तळवे उलटेपालटे करून पाहिले, पदरानं पुसले.

"ह्याच हातांनी वळवलंस ना? मंग घरी बसून कसं चालंल?" त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर आम्हाला परत जायचंय जयपूरला. मी खिडकीच मागणार. तू ये. फक्त जरा लांबून जा, बाई."